अकरा वजा

टोलेडो,
मंगळवार, १५ नोव्हेंबर १९८३

मर्व,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग तो कागद टाकून दुसरा घेतला.

सकाळी पावणेनऊला मी घोट्याला पट्टी गुंडाळत बसलो होतो. ऑफिसातला तो चष्मेवाला दारात येऊन म्हणाला, "लेन, कोचनी बोलावलंय. वही घेऊन ये." चालींची वही बरोबर आणायला सांगितली की संघातून काढलं समजायचं, हे फुटबॉलच्या या धंद्यात नवख्यालाही कळतं. खोलीतल्या सगळ्यांना एकदम बुटांच्या नाड्या बांधायचं सुचलं. मी त्यांना दोष देत नाही. नऊ वर्षं दुसऱ्यांची पाळी यायची तेव्हा मीही नाड्याच बांधत बसायचो.

हेड कोचनी चार मिनिटांत काम उरकलं. म्हणाले, धावता खेळ बसलाय, मालक विचारतायत, कुठंतरी बदल करायलाच हवा. मग लाईनचा कोच म्हणून तू भरलेला गुणांचा कागद माझ्यासमोर सरकवला. रविवारच्या सामन्यात चेंडू घेऊन धावण्याच्या एकोणतीस चाली झाल्या. त्यात मला अठरा अधिक आणि अकरा वजा. बासष्ट टक्के. आणि अकराही वजांपुढे तुझ्या त्या बारीक, शाळामास्तरी अक्षरात एकच कारण: चुकीची हाक. चुकीची हाक. चुकीची हाक.

मर्व, तू माझ्या डाव्या हाताला सात वर्षं उभा होतास. मी चेंडू मागे देणारा सेंटर, तू शेजारचा गार्ड. तुझा घाम माझ्या बाहीला लागायचा. मी काही या लीगमधला सगळ्यात धिप्पाड माणूस नाही, आणि पळतो कसा ते तर विचारायलाच नको. माझ्यापाशी एकच गोष्ट होती. समोर सात जण कसे उभे आहेत ते बघायचं, तीन सेकंदांत ठरवायचं, आणि आपल्या पाचांपैकी कुणी कुणाला अडवायचं ते ओरडून सांगायचं. नऊ वर्षांत माझी हाक चुकली असं कुणी म्हटलेलं नाही. हातातून चेंडू निसटला असेल, पाय घसरला असेल, समोरच्यानं उचलून आपटलं असेल. हाक चुकली नाही. सगळ्यांत जास्त हे तुला माहीत आहे, कारण अर्ध्या हाका तूच माझ्याबरोबर बसून रचल्या होत्यास. परगावच्या मैदानात साठ हजार लोक किंचाळत असताना आवाज पोचायचा नाही, म्हणून खुणासुद्धा आपणच ठरवल्या. उजव्या हातात चेंडू, डावा मोकळा. डाव्याची दोन बोटं मांडीवर टकटक, म्हणजे माझा माणूस माझा, तू पुढे जा. डावा तळवा गुडघ्यावर सपाट, म्हणजे माझा माणूस तू घे.

सामन्याच्या फिल्मच्या रिळावर आवाज नसतो, पण हात दिसतात. ज्याला त्या खुणांचा अर्थ कळतो असा माणूस तिथल्या कोच लोकांत एकच आहे, आणि त्यानंच अकरा वेळा 'चुकीची हाक' लिहिलं. याला केसानं गळा कापणं म्हणतात.

बाहेर पडताना तू कॉफीच्या मशीनपाशी उभा होतास. माझ्या हातात कचऱ्याची काळी पिशवी, तिच्यात माझे बूट, गुडघ्याची कवचं आणि बर्निसचा फोटो. तू कपात बघत राहिलास. त्या कपात एवढं काय होतं ते मला जाणून घ्यायचंय.

आमच्या मागून चेंडू घेऊन धावणाऱ्या ओटिसचं रविवारी गळ्याखालचं हाड मोडलं त्याचं मला वाईट वाटतं. ते वेगळं. त्याचा इथे संबंध नाही.

लेन


टोलेडो,
शुक्रवार, १८ नोव्हेंबर

मर्व,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी घरीच असतो आता.

रविवारच्या सामन्याचं रीळ माझ्याकडे आलंय. कुणी दिलं ते विचारू नकोस, त्याला घरदार आहे. प्रोजेक्टर चर्चच्या शाळेतून आणला. तळघरात दोरीवर चादर टांगली आणि तीन दिवस बघतोय, मागे-पुढे, मागे-पुढे. बर्निस वरून ओरडते की या खडखडाटानं डोकं उठलं.

त्या दिवशी हेड कोचच्या टेबलावर तुझा अहवालही होता, आणि उलटं वाचायची माझी सवय तुला माहीत आहे. "धावता खेळ मधोमध कोसळतो आहे." पहिलंच वाक्य. मधोमध म्हणजे मी. मग माझंही परीक्षण ऐक, फुकटात.

पहिल्या पाच सामन्यांत आपण दर धावेला साडेचार यार्डांच्या वर होतो. नंतरच्या सहांत तीनच्याही खाली. का? पहिलं कारण, हेड कोचना यंदा चेंडू फेकायचं वेड लागलंय. पहिल्या संधीला फेक, दुसऱ्या संधीला फेक, आणि तिसऱ्यांदा एक यार्ड उरला की ओटिसच्या पोटात चेंडू कोंबायचा. तो डावीकडून जाणार हे समोरच्यांना काय, पॉपकॉर्न विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. दुसरं, तुझ्या जागी आलेला टिलमन. अंगानं रेडा आहे, स्वभावानं गरीब आहे, पण मी हाक दिल्यावर त्याला ती समजेपर्यंत चेंडू मागे गेलेला असतो. समोरचा माणूस आत शिरतो, रिळावर माझ्या अंगावरून जाताना दिसतो आणि नाव माझं खराब होतं. अकरापैकी निदान सहा ठिकाणी टिलमन उशिरा आहे. शेवटच्या चालीतही, ज्यात ओटिस पडला, माणूस त्याचाच होता. माझा तळवा गुडघ्यावर सपाट आहे, स्वच्छ दिसतो. बघ.

पाचव्या सामन्यात असं काय झालं म्हणून विचारशील. काही झालं नाही.

बर्निस काल कपडे वाळत घालायला खाली आली आणि चादरीकडे बघत उभी राहिली. म्हणाली, तू त्या हातानं असं का करतोस? मी म्हटलं, असं म्हणजे कसं? ती म्हणाली, जड पिशवी ठेवावी तसा तो ठेवतोस. मी म्हटलं, थंडी होती. ती उरलेले कपडे वाळत घालून वर गेली.

आता मुद्द्याचं. ओमाहावाल्यांचा सेंटर पायानं गेलाय. त्यांचा लाईन कोच, म्हातारा हॅन्सेन, काल माझ्याशी बोलला. त्याला माणूस हवाय आणि लगेच हवाय. पण तुझा कागद त्याच्याकडे पोचलाय, या लीगमध्ये असले कागद बातमीच्या आधी पोचतात. तो तुला फोन करणार आहे. मला तुझ्याकडून मेहेरबानी नको. रीळ लाव, खुणा बघ, आणि जे लिहिलंस ते दुरुस्त कर. मी तेहेतीस वर्षांचा आहे. इथून बाहेर पडलो तर परत कुणी दार उघडणार नाही. मला अजून खेळायचंय, मर्व. बाकी काही येत नाही मला.

लेन


टोलेडो,
बुधवार, २३ नोव्हेंबर

मर्व,

लोर्ना सकाळी येऊन दारात भोपळ्याचा पाय, सणाचा तो गोड पदार्थ, ठेवून गेली. घंटी वाजवली नाही. आठ वर्षं थँक्सगिव्हिंगचं जेवण आपण एका टेबलावर जेवलो, आणि तुझी बायको आता पायरीवर ताट ठेवून पळते. बर्निसनं तो आत आणला. मी म्हटलं, फेकून दे. ती म्हणाली, भोपळ्यानं तुझं काय वाकडं केलंय? आता तो ओट्यावर आहे आणि मी त्याच्याकडे बघत नाही.

हॅन्सेनचा फोन आला. ते मला घेतायत. सोमवारी विमानात बसायचं, मंगळवारी सही, पुढच्या रविवारी मैदानात. हे ऐकून मी नाचायला हवं होतं. पण म्हातारा बडबड्या आहे, तू काय काय बोललास ते सगळं त्यानं सांगितलं. लेन पाझ्दर दणकट आहे. यंदा एक दिवसही दुखापतीनं बाहेर नाही. ढकलायला, रेटायला नंबर एक. फक्त हाका गडबडायला लागल्यात, वय झालं, डोकं तेवढं चालत नाही. पण तुमच्याकडे हाका चेंडू फेकणारा क्वार्टरबॅकच देतो, सेंटरला विचार करावा लागत नाही, तेव्हा तुमचं काम भागेल.

हे तू शांतपणे बोललास? उभ्यानं की बसून?

म्हणजे नुसता बैल म्हणून मला विकलंस. नऊ वर्षांत मी जे कमावलं ते फोनवर दोन मिनिटांत पुसून टाकलंस, आणि वर माझ्यावर उपकार केलेस. मी मागितली होती दुरुस्ती. तू शिफारस केलीस. माझ्या पत्रातलं एक अक्षर तरी वाचलंस का?

मला आपला एकोणऐंशी सालचा मोसम आठवतो. तुला आठवतो की नाही कोण जाणे. तिसऱ्या सामन्यानंतर गाड्या लावायच्या जागेत तू दार उघडून आधी डावा पाय आत घेतलास, मग दोन्ही हातांनी उजवा उचलून ठेवलास. मी काचेवर टकटक केली. एवढंच विचारलं, "कुठला गुडघा?" तू म्हणालास, "उजवा." बस. पुढचे तेरा सामने मी एकही हाक अशी दिली नाही की तुला उजव्या पायावर जोर देऊन मागे यावं लागेल. दोन माणसं माझ्या अंगावर घेतली. कुणाला कळलं नाही, तुला आणखी दोन मोसम मिळाले आणि त्यांच्या जोरावर ही कोचची नोकरी. मी ते कधी बोललो नाही. आज बोलतोय, कारण आज मला तुझ्यापेक्षा चांगलं वागण्यात काही रस उरलेला नाही.

मी तुला तोंडावर विचारलं होतं, मर्व. एवढंच माझं म्हणणं आहे.

लेन


टोलेडो,
शनिवार, २६ नोव्हेंबर

मर्व,

काल ओटिस आला होता.

गुरुवारी लाईनवाल्यांना जेवायला न्यायची त्याची पद्धत तुला माहीत आहेच. ज्यांच्या पाठीमागून धावतो त्यांचं पोट भरलेलं असलं पाहिजे असं तो म्हणतो. हा गुरुवार सणाचा, म्हणून तो शुक्रवारी आला, आणि फक्त मला न्यायला आला. मी म्हटलं, मला काढलंय, मी आता तुझी लाईन नाही. तो म्हणाला, गाडीत बस म्हाताऱ्या, एका हातानं चालवतोय, वाद घालू नकोस.

नदीकाठच्या त्या हंगेरियन खाणावळीत गेलो. त्याचा उजवा हात झोळीत. वाढणाऱ्या बाईनं त्याचं मांस कापून दिलं. मग माझ्याकडे बघून त्यानं तिला सांगितलं, "याचंही कापून द्या." ती हसली. मी हसलो नाही.

ती गेल्यावर मी विचारलं, हे काय होतं?

"लेन, मी चार वर्षं तुझी पाठ बघतोय," तो म्हणाला. "माझ्या आईच्या चेहऱ्याहून जास्त. पाचव्या सामन्यात तू मान वाकडी करून उठलास. तेव्हापासून पहिली टक्कर झाली की तुझा डावा हात लोंबतो. आधी खूण करायचास तेव्हा बोटं वाजायची. आता सगळा हात खांद्यापासून फेकतोस आणि तो पडेल तिथे पडतो."

आता तुला लिहितो, कारण कुणाला तरी लिहायला हवं. होय. पाचव्या सामन्यात मानेत वीज गेली आणि डावा हात बधिर झाला. दोन मिनिटांत परत आला. पुढच्या सामन्यात पाच मिनिटं लागली. आता टक्कर झाली की चौथ्या भागापर्यंत तो माझा राहत नाही. संघाचे डॉक्टर दर सोमवारी दोन बोटं पुढे करून म्हणायचे, दाब. मी त्यांना त्यांच्या मुलीच्या घोड्यांबद्दल विचारायचो आणि दोन्ही वेळा उजवाच हात द्यायचो. घरी कप निसटला तर कपाला लोणी लागलं होतं म्हणायचो. शर्टाची बटणं लावायला बर्निसच्या आधी उठायचो. तिला काही कळलेलं नाही अशी माझी समजूत होती. काल परत आलो तेव्हा तिनं माझ्या शर्टाची बटणं काढली, एक एक करून, आणि म्हणाली, सहा आठवडे मी वाट बघतेय की तू कधी मागशील.

पण तुझं सांगायचं राहिलं. मी ओटिसला विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे?

"मर्वनं मला विचारलं होतं," तो म्हणाला. "सातव्या सामन्यानंतर. लेनचा हात बघितलास का म्हणून. मी म्हटलं, मला काय विचारतोस, त्याला विचार. तर म्हणाला, त्याला विचारलं तर तो मला खरं सांगेल. आणि त्यानं खरं सांगितलं की मला ते लिहावं लागेल."

हे ऐकून माझा घास तसाच राहिला.

म्हणजे तुला ठाऊक होतं. तू टेबलाशी बसलास, माझा हात अकरा वेळा रिळावर बघितलास, आणि अकरा वेळा दुसरं कारण लिहिलंस. का ते मला आता कळतं, मी बैल असलो तरी. 'हात गेला' असं लिहिलं असतंस तर कुठल्याच गावचं दार माझ्यासाठी उघडलं नसतं. 'हाक चुकली' लिहिलंस म्हणून ओमाहा उघडलं. हेड कोचना वजा हवे होते, मला नोकरी हवी होती, तू दोघांचं भागवलंस. तुझ्या मते हे दोस्तीचंच काम असेल. कदाचित कॉफीच्या मशीनपाशी तू डोळ्यांत पाणी आणून उभा होतास आणि मला ते दिसलं नाही. असेल.

पण मर्व, माझ्याकडे दोनच वस्तू होत्या, हात आणि डोकं. हात तर गेलाच होता. डोकं शाबूत होतं, आणि तू नेमकं तेच घेतलंस. न विचारता. यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवायचा हक्क माझा होता. आणि तू मला ज्या ओमाहाला पाठवतोयस तिथे एखाद्या रविवारी मान आणखी एकदा वाकडी झाली आणि मी उठलोच नाही, तर लोर्ना कुणाच्या दारात भोपळ्याचा पाय ठेवणार?

मी तुला खरं सांगितलं असतं. हेड कोचना नाही, डॉक्टरना नाही, बर्निसलाही नाही. तुला सांगितलं असतं. ते तुला माहीत होतं म्हणूनच तू विचारलं नाहीस. एवढ्या भरवशाचा असा उपयोग कुणी करत नाही.

सोमवारचं तिकीट टेबलावर आहे. मी अजून ठरवलेलं नाही.

लेन


टोलेडो,
सोमवार, २८ नोव्हेंबर

मर्व,

विमान दुपारी दीडला गेलं. मी हे सव्वातीनला लिहितोय.

काल रविवार. नऊ वर्षांत पहिल्यांदा रविवारी मी घरी होतो. सामना लावला नाही. तळघरात जाऊन ते रीळ शेवटचं बघितलं, आणि या वेळी टिलमनकडे बघितलंच नाही, फक्त स्वतःकडे बघितलं. वही घेतली आणि तू घेतोस तसे गुण घेतले. त्या अकरांपैकी प्रत्येक चाल थांबवून, समोरचे सात जण मोजून, हाक कुठली हवी ते आधी लिहायचं आणि मग मी कुठली दिली ते बघायचं.

पहिली बरोबर. दुसरी बरोबर. माणूस माझा होता, हाक बरोबर होती, मी त्याच्या छातीला दोन हात लावले आणि डावा खाली पडला. तिसरी, चौथी, सगळीकडे तेच. टिलमन एकाही ठिकाणी उशिरा नव्हता. तो बिचारा मी सांगितलं तिथे, सांगितलं तेव्हा जात होता, आणि दोनदा तर स्वतःचा माणूस सोडून मला सावरायला वळला. दुसऱ्या पत्रात मी त्याच्याबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं. मी ते रीळ तीन दिवस बघून लिहिलं होतं, म्हणजे बघ माणूस काय काय बघू शकतो.

दहा हाका बरोबर निघाल्या.

अकरावी. चौथा भाग, एक यार्ड हवा. समोरचा तो मोठा माझ्या उजव्या खांद्यासमोर टेकून उभा. तो माझा. कुणीही सांगेल. टिलमन माझ्या डावीकडे, त्याला तिथे पोचायला माझ्या पाठीमागून यावं लागेल आणि तेवढा वेळ नाही. बोटं मांडीवर टकटक, हीच हाक. मला ती माहीत होती. ओठांवर होती. पण हात तेव्हा साफ मेलेला होता आणि मला भीती वाटली. भीती हाच शब्द आहे, दुसरा शोधून बघितला. मी तळवा गुडघ्यावर ठेवला. टिलमन, तू घे. टिलमन बिनतक्रार निघाला आणि अर्थातच पोचला नाही. तो मोठा सरळ आत गेला आणि ओटिसच्या खांद्यावर पडला.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की ओटिसच्या हाडाचा इथे संबंध नाही. आणि मर्व, तीन पत्रं मी तुला विश्वासघातकी म्हणत होतो तेव्हा हे मला माहीत होतं. रीळ लावायच्या आधीपासून.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको मुलांना झोपवत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसलो असतो तर सांगितलं नसतं. त्यानं टीव्ही बंद केला.

"ती हाक नव्हती, मला कळलं होतं," तो म्हणाला. "मागून सगळं दिसतं. मी मनात म्हटलं, हे काय सांगतोय हा?"

मी विचारलं, मग तिथे का धावलास? बाहेरून गेला असतास.

"तू सांगितलंस म्हणून. चार वर्षं तू दाखवलंस तिथेच धावलो. मला दुसरं कुठे येतं धावायला?"

मग म्हणाला, जा आता, उशीर झाला. रागानं म्हणाला की नाही ते मला कळलं नाही. दाराशी येऊन त्यानं डावा हात पुढे केला, कारण त्याचा उजवा झोळीत होता. माझा डावा मी कसाबसा वर आणला. त्यानं तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आज सकाळी बर्निस मला डॉक्टरांकडे घेऊन गेली, संघाच्या नाही, तिच्या वडिलांच्या. त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला आणि मानेतलं एक हाड दाखवलं. संपलं, म्हणाले. हात बराचसा परत येईल, पण टक्कर पुन्हा नाही. तिथूनच मी हॅन्सेनला फोन केला. म्हटलं, माझा डावा हात गेलाय, ऑक्टोबरपासून, मी लपवला. तो म्हणाला, बरं झालं सांगितलंस. आणि मग, जाता जाता विचारावं तसं, म्हणजे हाका ठीक होत्या? मी म्हटलं, मर्व ओल्टमन्सला विचारा, त्याच्याकडे कागद आहे.

तेव्हा तो तुला पुन्हा फोन करील, नाहीतर नाही करणार. मला आता नोकरी नको, म्हणून खरं लिहायला तुला घाबरायचं कारण नाही. हा खेळ सोडताना मला तुझ्याकडून एकच हवं आहे. तो गुणांचा कागद काढ, ऑफिसात नक्कल असेलच. वजांना हात लावू नकोस. अकरा वजा माझे आहेत, अकराही राहू देत. फक्त कारण बदल. पहिल्या दहांपुढे 'चुकीची हाक' खोड आणि खरं लिही: हाक बरोबर, डावा हात गेला. तारीख घाल आणि सही कर.

तू मला विचारलं नाहीस ते मी विसरणार नाही. पुढल्या थँक्सगिव्हिंगला आपण एका टेबलावर असू असं मला आज वाटत नाही. लोर्नाला सांग, भोपळ्याचा पाय चांगला होता. बर्निसनं आणि मी काल उभ्यानं खाल्ला.

अकराव्यापुढे तू जे लिहिलंयस ते बरोबर आहे. ते तसंच राहू दे.

लेन